पळवाटे, आरोपी तू आहेस

पळवाटे,

मायन्यात तुला 'प्रिय' लिहिणार नाही आणि शेवटी 'लोभ असावा' असंही म्हणणार नाही. तुझा लोभ ज्यांच्यावर जडला त्यांची काय गत झाली, ते मी जवळून पाहिलं आहे.

घरात कुणी भीतीनं, काळजीनं पार गळून गेलं की गुन्हेगाराचा शोध सुरू होतो. कुणी म्हणतं, मनच कच्चं. कुणी पत्रिका काढून साडेसातीवर बोट ठेवतं. कुणी मोबाइलला शिव्या घालतं, कुणी आईच्या लाडाला. 'आमच्या वेळी नव्हती बाई ही असली थेरं,' असं म्हणत एखाद्या मावशी सगळ्या पिढीलाच दोषी ठरवून मोकळ्या होतात. चार पुस्तकं वाचलेलं कुणी असलं तर ते भीतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. या गलक्यात तुझं नाव कुणी घेत नाही. उलट तुलाच घरात घेतात, तुझ्याच सल्ल्यानं चालतात आणि सगळं विस्कटल्यावर तू नामानिराळी. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर, उघड लिहिते आहे.

माझा आरोप एका ओळीचा आहे. माणसाला भीती कोंडत नाही; भीती आली की तू जी तात्काळ सुटका हातावर ठेवतेस, तीच त्याला कोंडते.

भीतीबद्दल माझी तक्रार नाही. रात्री गॅसचा वास आला की खडबडून उठवते ती भीती. परीक्षेआधी पुस्तक उघडायला लावते ती भीती. रस्ता ओलांडताना पाऊल मागे घ्यायला लावते तीही भीतीच. ती येते, अंगात थैमान घालते आणि निघून जाते. मुक्काम ठोकून राहतेस ती तू.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाची गोष्ट तुला चांगलीच ठाऊक आहे, कारण ती तुझीच करणी. डोंबिवलीचा मुलगा, सकाळच्या जलद लोकलनं दादरला नोकरीला जाणारा. एके दिवशी दिवा गेल्यावर गाडी सिग्नलला उभी राहिली. दारात माणसांचा गठ्ठा, हा चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेला. एकाएकी छातीत धडधडायला लागलं. श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, तळहात घामानं भिजले आणि डोक्यात एकच वाक्य घुमायला लागलं: आपण इथंच मरणार. ठाणं आलं तसा माणसं लोटत तो उतरला आणि फलाटावरच्या बाकावर बसून राहिला. थोड्या वेळानं धडधड ओसरली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत होतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात, हे त्या दिवशी त्याला कुणी सांगितलं नाही. 'ॲसिडिटी असेल, टेन्शन घेऊ नका,' एवढं ऐकून तो घरी आला.

इथपर्यंत तुझा संबंध नव्हता. असा झटका पुष्कळांना आयुष्यात एखाद्या वेळी येतो आणि पुष्कळांचं ते प्रकरण तिथंच मिटतं. तू उगवलीस दुसऱ्या दिवशी सकाळी. डबा भरलेला, पास खिशात, चपला पायात, आणि तू कानाशी लागलीस: 'आज जलद नको. स्लोनं जा, म्हणजे हवं त्या स्टेशनला उतरता येईल.' वरवर ऐकलं तर शहाणपणाचंच बोलणं. त्यानं ऐकलं. मग म्हणालीस, 'आत बसू नकोस, दारापाशी उभा राहा.' मग, 'गर्दीची वेळ टाळ.' मग, 'पाण्याची बाटली घेतल्याशिवाय निघू नकोस.' मग, 'सोबत कुणी असेल तरच जा.' मग लोकल सुटली आणि पगाराला भोक पाडणारी टॅक्सी सुरू झाली. मग घरून काम मागून घेतलं. ते मिळालं, तरी तुझं पोट भरलं नाही. केस कापायला जाणं बंद झालं, कारण एकदा खुर्चीत बसलं की मधेच उठता येत नाही. सिनेमा बंद झाला. लग्नात मांडवाच्या कडेची खुर्ची ठरून गेली. पुण्याला बहिणीच्या बाळाच्या बारशाला जायचं, तर द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यात गाडी अडकली तर काय, म्हणून तेही राहिलं. वर्ष सरेपर्यंत त्याचं सगळं जग डोंबिवली पूर्वेच्या दोन-चार गल्ल्यांत मावलं.

या काळात त्याला जलद लोकलमध्ये दुसरा झटका एकदाही आला नाही, कारण तो जलद लोकलमध्ये चढलाच नाही. आणि तू हाच पुरावा म्हणून त्याच्यापुढे नाचवलास: 'बघ, माझं ऐकलंस म्हणून वाचलास.' खोटारडे, तो वाचला नव्हता. मुळात त्याच्या जिवाला धोकाच नव्हता आणि ते त्याला कळू नये, याची तू रोज काळजी घेत होतीस.

तू काय काय दडवून ठेवलंस, ते आता सांगते. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा छोटासा भाग असतो. धोक्याची शंका आली की विचार पुरा व्हायच्या आधीच तो गजर करतो. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात. पळायचं किंवा लढायचं असेल तर स्नायूंना रक्त हवं, म्हणून हृदय जोरात चालतं; प्राणवायू हवा, म्हणून श्वास वाढतो. पण माणूस बसलेला असतो जागेवरच. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आजूबाजूचं सगळं परकं वाटायला लागतं. 'चक्कर येऊन पडेन' असं वाटतं. पण अशा झटक्यात रक्तदाब सहसा चढतो आणि शुद्ध हरपायला तो घसरावा लागतो. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांचं तेवढं वेगळं. त्यांचा रक्तदाब खरोखर घसरतो, म्हणून त्यांना हातापायांचे स्नायू आवळून तो वर आणायला शिकवतात.

झटक्याचा जोर काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. शरीर तो जोर तासन्‌तास टिकवू शकत नाही. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या झटक्याचं चक्र उलगडून दाखवलं: धडधड होते, माणूस तिचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्या अर्थानं आणखी घाबरतो, आणखी ॲड्रिनॅलिन सुटतं, धडधड आणखी वाढते. म्हणजे निम्मी आग शरीराची असते आणि निम्मी शरीराच्या भाषेचं चुकीचं भाषांतर करण्याची. हे भाषांतर दुरुस्त व्हायचं तर माणसानं शिखर ओलांडून पलीकडे काय होतं ते पाहायला हवं. तू त्याला नेमकं शिखरावरून उतरवतेस. गाडीतून, सभेतून, परीक्षेच्या हॉलमधून. भीती आपोआप उतरणार होती. पण श्रेय घेतेस तू.

ओ. हो. मॉवरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४७ साली तुझा हा डाव मांडून दाखवला. भीती एका प्रसंगातून शिकली जाते. पण ती टिकते टाळण्यातून, कारण प्रत्येक वेळी टाळलं की हायसं वाटतं आणि ते हायसं वाटणं हेच बक्षीस ठरतं. बक्षीस मिळालेलं वागणं पुन्हा घडतं. तुझा सगळा व्यवहार गावच्या सावकारासारखा आहे. अडल्या वेळी रोकडा हातावर, कागद नाही, चौकशी नाही, बोलणं मधाळ. व्याज मात्र चक्रवाढ. एका लोकलच्या सुटकेचं कर्ज फेडता फेडता त्या मुलाची नोकरी, मित्र, प्रवास, सगळं तुझ्याकडे गहाण पडलं आणि मुद्दल होतं तिथंच राहिलं.

तू नेहमी पळण्याच्याच वेशात येतेस असं नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसलेल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलीकडे तू कष्टाळूपणाचं सोंग घेऊन येतेस. 'अजून एक पुस्तक वाचून होऊ दे, मग सराव परीक्षा देऊ.' नोट्सना चौथ्यांदा रंगीत पेनांनी अधोरेखित करणं हे तुझंच काम, कारण कोरी उत्तरपत्रिका समोर ठेवून तीन तास बसण्याची तिला धास्ती आहे. पन्नाशीच्या गृहस्थांकडे तू आरोग्याच्या काळजीचं रूप घेतेस. दिवसातून दहादा रक्तदाब मोजायला लावतेस, बोटाला ऑक्सिमीटर लावून झोपवतेस, रात्री दोनला मोबाइलवर लक्षणं शोधायला बसवतेस आणि पहाटेपर्यंत त्यांना तीन असाध्य रोग जडवून देतेस. त्याच वेळी दुसऱ्या एका घरात तपासणीचा लिफाफा न उघडता देव्हाऱ्याखाली ठेवायला लावतेस. मोजत राहणं आणि डोळे मिटणं, दोन्ही तुझीच रूपं.

मुलगा कामावर पोचला का, हे विचारायला आई पाचव्यांदा फोन करते. तो 'पोचलो' म्हणतो, तिला दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा रुखरुख. ती दहा मिनिटं तूच दिलेली असतात. कुणी पाकिटात अर्धी गोळी ठेवून फिरतो. गोळी घेत नाही, पण पाकीट घरी राहिलं तर अर्ध्या वाटेतून परत फिरतो. कुणी संध्याकाळी 'जरा सैल व्हायला' एक पेग घेतो आणि वर्षभरात तो पेग त्यालाच घेऊ लागतो. इंग्लंडमधल्या पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी १९९१ साली या टेकूंकडे लक्ष वेधलं. टेकू घेऊन माणूस भीतीच्या जागी गेला, तरी परतताना 'टेकूमुळे वाचलो' एवढंच शिकून येतो.

आणि चिंता? रात्री अंथरुणात तेच ते गिरवत बसणं? तेही तुझंच वेशांतर. माणसाला वाटतं, मी विचार करतोय, तोडगा काढतोय. पण तोडगा निघाला तर कागदावर एक काम उतरतं. सकाळी करायचा एक फोन, भरायचा एक अर्ज. चिंतेतून काहीच उतरत नाही. अमेरिकेतल्या टॉमस बॉर्कोवेक यांनी चिंतेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की शब्दांत घोळत राहिल्यानं माणूस मनातलं भीतीचं खरं चित्र पाहणं टाळतो. त्यांनी सुचवलेला उपाय कुणालाही घरी करता येतो. संध्याकाळी अर्धा तास, ठरलेली जागा, हातात वही. दिवसभर चिंता आली की एका शब्दात टिपून ठेवायची आणि 'साडेसहाला बघू' म्हणून बाजूला करायची. साडेसहाला वही उघडायची. निम्म्या चिंतांचा तोवर जीव गेलेला असतो. उरलेल्यांसमोर 'माझ्या हातात यातलं काय आहे' हा रकाना भरायचा.

तुझं सगळ्यात मोठं पाप मात्र वेगळं आहे. तू मायेच्या माणसांना तुझ्या कामाला जुंपतेस. मुलगी शाळेत उभं राहून वाचायला घाबरते, तर आई बाईंना चिठ्ठी लिहून देते: हिला वाचायला उभं करू नका. बायको एकटी बाजारात जाऊ शकत नाही, तर नवरा रोज कामावरून येताना भाजी घेऊन येतो. 'जाऊ दे रे बाळा, नको जाऊस, मी बोलते बाबांशी,' असं म्हणणाऱ्या माउलीच्या डोळ्यांत पाणी असतं आणि तिच्या तोंडून बोलत असतेस तू. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. एक दिवस शाळा बुडाली म्हणून काही बिघडत नाही. पण रडलं की घरी राहता येतं, हे त्या दिवशी मुलीच्या मेंदूत पक्कं होतं.

दुसऱ्या टोकाला दणकट काका-मामा असतात. 'काही होत नाही, चल गपगुमान,' म्हणून पोराला दंडाला धरून गर्दीत नेतात. पोरगं शिगेला पोचलेल्या भीतीत हात सोडवून पळतं आणि आधीपेक्षा घट्ट तुझ्या कुशीत येऊन बसतं. वर 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून हसायला सगळे मोकळे. या हसण्यानं कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. लोक भीती लपवायला शिकतात, एवढंच. लपवणं हे तर तुझं माहेर.

न्यायाला धरून बोलायचं तर एक गोष्ट तुझ्या बाजूनं नोंदवायला हवी. प्रत्येक माघार म्हणजे तू नव्हेस. मारणाऱ्या नवऱ्याच्या घरातून निघून जाणारी बाई पळत नसते, ती जीव वाचवत असते. रोज अपमान करणाऱ्या साहेबाची नोकरी सोडणं, पुराच्या पाण्यात गाडी न घालणं, हे शहाणपण. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला 'भीतीला सामोरा जा' असं सांगणं हा क्रूरपणा आहे. त्याला आधी कर्जावर तोडगा हवा आणि सोबत बोलायला माणूस हवं. छातीत पहिल्यांदा दुखलं, दम लागला, तर आधी डॉक्टरच गाठायचा. घरबसल्या 'पॅनिक असेल' असं ठरवायचं नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे. खरा धोका टाळला की माणूस मोकळा होतो आणि पुढच्या कामाला लागतो. तुझ्या सल्ल्यानं टाळलं की उद्या आणखी एक गोष्ट टाळावी लागते.

तुझा बुरखा काही आज फाटलेला नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेनं सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलावर काम केलं. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि दर खेपेला थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर त्याच सशाला मांडीवर घेऊन खेळू लागला. दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली या पायरीपायरीच्या रीतीला शास्त्राची शिस्त दिली.

ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर वीक्स यांची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. तरुणपणी त्यांना क्षय झाल्याचं चुकीचं निदान झालं. त्या धसक्यानं त्यांचं हृदय धडधडायला लागलं आणि त्या महिनोन्‌महिने त्या धडधडीकडे कान लावून बसल्या. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्रानं त्यांना सांगितलं, 'खंदकात आमचंही असंच व्हायचं. तुला धडधडीची भीती वाटते म्हणून ती थांबत नाही.' पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६२ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. त्यांचा मार्ग असा: भीतीसमोर उभं राहायचं, शरीरात जे होतंय ते होऊ द्यायचं, त्याच्याशी झोंबाझोंबी करायची नाही आणि वेळ जाऊ द्यायचा.

पुढे मानसशास्त्रज्ञ झालेला अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचा असताना स्त्रियांशी बोलायला थरथरायचा. न्यूयॉर्कच्या बॉटनिकल गार्डनमध्ये तो महिनाभर जात राहिला आणि बाकांवर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलला. हाती काही लागलं नाही, पण नकारानं आकाश कोसळत नाही हे कळलं. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसांपर्यंत आणली. म्हणजे तुझ्याविरुद्धची साक्ष मराठीतही कधीचीच नोंदवलेली आहे.

आता त्या डोंबिवलीच्या मुलानं तुला घराबाहेर कसं काढलं, ते ऐक. ठाण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे त्याला धाकट्या बहिणीनं नेलं. तिथं त्यांनी त्याला दीर्घ श्वास घेऊन शांत व्हायला लावलं नाही. उलट मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावला, खुर्चीत गोल फिरवलं, जिना धावत चढवला. मुंग्या आल्या, गरगरलं, धडधडलं. 'लोकलमध्ये झालं ते असंच ना?' त्यानं मान हलवली. जे मरणाचं लक्षण वाटत होतं, ते बाईंच्या खोलीत दिवसाउजेडी, हवं तेव्हा बोलावता येत होतं आणि बसून राहिलं की जातही होतं.

मग त्याला एक वही करायला सांगितली. त्यात शून्य ते शंभर भीतीचे गुण आणि दोन रकाने: 'काय होईल असं वाटतं' आणि 'काय झालं'. पहिली पायरी, दुपारच्या वेळी फलाटावर उभं राहून गाड्या जाऊ देणं. पुढची, स्लो लोकलनं कोपरपर्यंत, एकच स्टेशन. नंतर दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. एका पायरीवर पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. आणि पायरी बदलताना एकेक टेकू कमी. आधी बहीण घरी राहिली, मग बाटली राहिली, मग दारापाशी उभं राहणं सुटलं. नियम एकच: भीती उतरेपर्यंत आपण उतरायचं नाही.

मुंब्र्याच्या अलीकडे व्हायचं ते झालं. धडधड, घाम, तेच वाक्य. मुंब्र्याला गाडी थांबली आणि तू किंचाळलीस, 'उतर!' तो बसून राहिला. समोरच्या माणसाच्या पिशवीवरची अक्षरं वाचत, हात थरथरू देत. कळवा गेलं. ठाण्याला वहीत त्यानं लिहिलं: 'ऐंशीवरून तीस. वाटलं होतं मरेन. झालं काय, तर शर्ट भिजला.' पळवाटे, तुझी सत्ता त्या ओळीनं मोडली. तीन-चार महिन्यांनी तो पुन्हा सकाळच्या जलद लोकलमध्ये होता, चौथ्या सीटवर.

याचा अर्थ त्याची भीती पुसली गेली, असा दावा मी करत नाही. आजचं शास्त्र सांगतं की जुनी शिकवण मेंदूतून खोडली जात नाही. तिच्या शेजारी नवी लिहिली जाते. म्हणून आजारपणात, जागरणात, घरात काही बिनसलं की जुनी भीती पुन्हा डोकं वर काढते. तेव्हा तू लगबगीनं येऊन म्हणतेस, 'सगळं फुकट गेलं.' फुकट काहीच जात नाही. वही तीच असते, पायऱ्या माहितीच्या असतात आणि दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागतो.

औषधांबद्दलही तू दोन्ही तोंडांनी बोलतेस. एकीकडे 'गोळी घेतली म्हणजे वेडाचा शिक्का,' म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ देत नाहीस, दुसरीकडे ओळखीच्या केमिस्टकडून झोपेची गोळी आणायला लावतेस. चिंतेच्या आजारावर तज्ज्ञ देतात ती नेहमीची औषधं लागू पडायला काही आठवडे घेतात, सवय लावत नाहीत आणि पुष्कळांना पायऱ्या चढण्याइतकं बळ देतात. लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांचीच सवय लागते. त्या थोडे दिवस आणि देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. कुठलीही गोळी मनानं सुरू करायची नाही आणि मनानं एकदम बंदही करायची नाही.

'एवढे डॉक्टर आहेत कुठे?' हा तुझा शेवटचा बचाव. तो अगदीच पोकळ नाही. निम्हान्स या संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. पण वाट निघते. गोव्यात 'संगथ' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून उदासीनतेवर आणि चिंतेवर उपचार करून पाहिले. सरकारी केंद्रांत त्याचा गुण आला आणि ते निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था मनाच्या प्रश्नांवर मराठीत उघड बोलत आली आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जगणंच नकोसं वाटत असेल तर तो फोन आत्ता करायचा. त्यासाठी कुठलीही पायरी चढून यायची गरज नाही.

पळवाटे, ज्यांना तू वर्षानुवर्षं 'तू भित्रा आहेस' असं ऐकवलंस, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. तुम्ही भित्रे नव्हता. रोज सकाळी धडधडत्या छातीनं उठून दिवस काढायला जेवढं धैर्य लागतं, तेवढं पुष्कळांना आयुष्यात कधी लागत नाही. ते धैर्य तुम्ही पळण्यात खर्च केलंत, कारण दुसरी वाट कुणी दाखवली नाही. तेच धैर्य आता एका लहान पायरीवर लावा.

आणि घरच्यांनो, 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य सोडून द्या. त्यानं आजवर कुणाचं टेन्शन कमी झालेलं नाही. 'चल गपगुमान'ही नको आणि 'जाऊ दे, नको जाऊस'ही नको. आपल्या माणसाशेजारी बसा आणि विचारा: 'या आठवड्यात काय काय टाळलंस? त्यातलं सगळ्यांत छोटं उद्या करायचं तर मी किती अंतरावर उभं राहू?' पुढच्या खेपेला एक पाऊल मागे उभे राहा, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी एक.

पळवाटे, हा प्रश्न ज्या घरात विचारला जाईल, त्या घरात तुझं काही चालणार नाही.